टिनाच्या शेडाखाली रेंज नसते

मागच्या आंबिया बहाराच्या ऐन गर्दीत मामांच्या अडतीवर मी करून दिलेलं ॲप अडकलं. पांढऱ्या पडद्यावर एक गोल फिरत राहिला, बाकी काही नाही. कळमन्याच्या बाजारात पहाटेचे संत्र्याचे ढीग लागलेले, लिलाव बोलणारा पुढच्या ढिगाकडे सरकलेला, काटोलकडचा एक शेतकरी विक्रीच्या हिशोबाच्या पट्टीसाठी ताटकळत उभा, आणि दिवाणजींच्या हातात तो फिरणारा गोल. वर टिनाचं शेड, खाली शेकडो माणसं, प्रत्येकाच्या खिशात एक फोन. दिवाणजींनी एक शब्द न बोलता फोन खिशात टाकला, कानावर खोचलेला पेन काढला आणि वही उघडली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी धरमपेठेत दोन खोल्यांच्या ऑफिसातून दुकानदारांसाठी बिलाची, स्टॉकची, हिशोबाची सॉफ्टवेअर बनवते. त्या सकाळनंतर दोनेक महिन्यांनी वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात वेब आणि मोबाइलमधल्या 'उगवत्या' तंत्रज्ञानावर दोन दिवसांची परिषद झाली. फी बघून हात आखडला, पण गेले. परत आल्यावर मामांचा पहिला प्रश्न: "दोन दिवस काय शिकून आली बेटा? मले समजेल असं सांग." मामा नववीपर्यंत शिकलेले, पण तीस नोंदींची बेरीज तोंडी करतात. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे, जरा सविस्तर.

भाषणं पुष्कळ झाली, त्यातले जड शब्दही पुष्कळ. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लक्षात आलं की निम्मेअधिक वक्ते वेगवेगळ्या तोंडांनी एकच गोष्ट विचारताहेत. काम नेमकं व्हायला कुठे हवं? हातातल्या फोनमध्ये, की दूर कुठेतरी ठेवलेल्या सर्व्हरवर?

हे कळायला थोडं मागे जाऊ. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली. सुरुवातीला बहुतेकांसाठी ब्राउझरचं काम वाचण्यापुरतं होतं. कागद दुसरीकडे, आपण खिडकीतून बघायचं. पुढे त्याच खिडकीत बँक आली, रेल्वेचं तिकीट आलं, सातबारा आला. पण अलीकडे आपण आणि पलीकडे सगळा कारभार ही मांडणी बदलली नाही. कचेरीची खिडकी बंद झाली की माणूस जसा पायरीवर बसून राहतो, तसे आपण त्या फिरणाऱ्या गोलासमोर बसतो. 2008 मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर सुरू झालं, त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन आला, आणि ॲप फोनवर सर्रास उतरवून घेता येऊ लागलं. तरी बहुतेक ॲपं आतून खिडकीच राहिली, फक्त चौकट तेवढी फोनवर आणून बसवलेली. माझं ॲप त्यातलंच. प्रत्येक नोंदीला ते सर्व्हरला विचारायला निघायचं, आणि शेडाखालून निघायला वाटच नसायची.

यात आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची एक खोड आहे. 2016 नंतर डेटा स्वस्त झाला, 2022 पासून 5जी आलं, आणि नेट असणारच असं आम्ही गृहीत धरलं. नागपुरात नेट नाही असं कोण म्हणेल? पण शहरात नेट असणं वेगळं आणि या शेडाखाली, या घटकेला, एवढ्या गर्दीत नेट मिळणं वेगळं. पत्रा रेडिओलहरी अडवतो. त्यात एका टॉवरची क्षमता ठरलेली, ती आसपासच्या सगळ्या फोनांत वाटली जाते. वाढपी तेवढेच आणि पंगतीला पानं तिप्पट, मग शेवटच्या पानापर्यंत भाजी पोचत नाही. आम्ही हे ॲप बनवतो धरमपेठेत, पंख्याखाली, वायफायवर. तिथे ते सुरेखच चालतं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मोठ्या सभागृहात एआयवर चर्चा होती, सगळी गर्दी तिकडे. बाजूच्या लहान खोलीत पंधरा-वीस जणांसमोर पुण्याहून आलेली एक मुलगी बोलत होती. तिने फोन पडद्याला जोडला, वरून बोट ओढलं, विमानाचं चिन्ह दाबलं, म्हणजे नेट बंद केलं, आणि एक वेबपान उघडलं. ते उघडलं. तिने एक नोंद केली, झाली. दुसरी केली, तीही झाली. कोपऱ्यात बारीक आकडा आला: पाठवायच्या नोंदी 2. मग तिने विमानाचं चिन्ह पुन्हा दाबलं आणि दोन-तीन सेकंदांत आकडा शून्यावर आला. मी वहीत 'दिवाणजी' एवढाच शब्द लिहिला.

यामागे जे आहे त्याला सर्व्हिस वर्कर म्हणतात. नावावरून काही बोध होत नाही, म्हणून मी मामांना देवडी सांगितली. जुन्या वाड्याच्या देवडीवर एक विश्वासू माणूस बसायचा. (महालात असे वाडे अजून आहेत, देवडीत आता स्कूटर उभी असते.) आतून जाणारा प्रत्येक निरोप आणि बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू त्याच्या हातून जायची. रस्ता मोकळा असेल तर तो निरोप पुढे धाडतो. रस्ता बंद असेल तर मागे आलेलं सामान त्याने कोठीत राखून ठेवलेलं असतं, त्यातून काढून देतो; जाणारे निरोप थैलीत जमा करतो, आणि वाट उघडली की थैली रिकामी करतो. वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये असा एक माणूस नेमते. कोठी म्हणजे कॅशे, थैली म्हणजे फोनमध्येच असलेला छोटा डेटाबेस. अट एवढीच की पहिल्यांदा साइट उघडताना नेट लागतं, कारण माणूस नेमायला तरी रस्ता उघडा हवा. आणि साइट सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएसवर हवी. नाहीतर वाटेत कोणीही आपला माणूस तुमच्या देवडीवर आणून बसवेल.

मामांना यातलं काय पटलं तर, हे प्ले स्टोअरवर न जाता होतं. साइट उघडायची, 'होम स्क्रीनवर ठेवा' म्हणायचं, झालं. अशा साइटांना गूगलचे इंजिनिअर ॲलेक्स रसेल आणि डिझायनर फ्रान्सेस बेरीमन यांनी 2015 मध्ये प्रोग्रेसिव्ह वेब ॲप असं नाव दिलं, आणि त्याच वर्षी फ्लिपकार्टने भारतात आपली अशी हलकी आवृत्ती काढली. म्हणजे 'उगवतं' म्हणावं असं यात काही नाही. चहाच्या वेळी मी त्या मुलीला हेच विचारलं. ती म्हणाली, "ताई, ॲपलने दार पूर्ण उघडलं कुठे होतं?" तिचं बरोबर होतं. होम स्क्रीनवर ठेवलेल्या वेब ॲपला सूचना पाठवायची मुभा आयफोनवर मिळाली ती मार्च 2023 मध्ये, आयओएस 16.4 पासून. 2024 च्या सुरुवातीला ॲपलने युरोपमध्ये अशी वेब ॲपं बंद करण्याचं जाहीर केलं आणि आरडाओरड झाल्यावर 1 मार्चला निर्णय मागे घेतला. अजूनही ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये सात दिवस साइटला हात लावला नाही तर तिने फोनवर साठवलेलं सगळं पुसलं जाऊ शकतं; होम स्क्रीनवर ठेवलेल्या ॲपला यातून सूट आहे. थैली मागच्या मागे रिकामी करायची सोयही गूगलच्या क्रोममध्ये आहे, सफारीत नाही. तिथे ॲप उघडावं लागतं. आमच्या बाजारात आयफोन फक्त एका व्यापाऱ्याच्या मुलाकडे आहे, म्हणून मी तूर्त निवांत आहे.

खरी गोम पुढे आहे. समजा लिलावाच्या जागी दिवाणजींनी एका मालाची नोंद 40 कॅरेट, म्हणजे 40 क्रेट, अशी केली. गाडीजवळ मामांनी पुन्हा मोजलं, 42 भरले, म्हणून त्यांनी आपल्या फोनवर तीच नोंद 42 केली. दोघांच्याही फोनला रेंज नाही. तासाभराने दोघे टपरीवर आले, नेट मिळालं, दोन्ही थैल्या सर्व्हरवर रिकाम्या झाल्या. सर्व्हरने काय धरायचं? सोपा नियम असा की शेवटी लिहिणाऱ्याचं खरं. पण शेवटचा कोण, हे फोनच्या घड्याळावर ठरणार, आणि घड्याळं मागेपुढे असतात. शिवाय ज्याची नोंद हरली तिचा मागमूसही उरत नाही. शेतकऱ्याचे दोन कॅरेट हवेत जातात आणि कोणाला पत्ता लागत नाही.

इथपर्यंत सांगून मी पुढच्या आकृतीसाठी कागद शोधत होते, तेवढ्यात मामा म्हणाले, "पण आकडा खोडाचा कायले? कीर्दीत खोडते का कोणी? चुकलं तं खाली दुसरी नोंद टाकाची. दोन कॅरेट वाढले, कोणी मोजले, किती वाजता. झालं."

मी कागद शोधायचं थांबवलं. त्या मुलीने पाऊण तास आकृत्या काढून जे सांगितलं ते हेच होतं. आमच्या धंद्यात याला फार नवलाचं म्हणून शिकवतात: आजची स्थिती साठवू नका, घडलेल्या घटना साठवा. अडतीवर हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. कीर्दीत जे घडलं ते घडलं त्या क्रमाने उतरतं, त्यात खाडाखोड चालत नाही. खातेवार हिशोबाची खतावणी तिच्यावरून तयार होते आणि हरवली तर पुन्हा तयार करता येते. तसंच प्रत्येक फोनने आपापली कीर्द लिहायची आणि सर्व्हरने सगळ्यांच्या कीर्दी एकत्र करून खतावणी काढायची. 40 आधी पोचले आणि वाढीव 2 नंतर, किंवा उलट, बेरीज 42 च. आणि दोघांनी एकाच मालाचे वेगवेगळे आकडे टाकले असतील तर दोन्ही समोर दिसतात, त्यावर शिक्का माणसाने मारायचा. संगणकाने परस्पर निकाल द्यायचा नाही.

एक बारीक गोष्ट मामांच्या कीर्दीत नाही, ती मात्र मी भरली. थैलीतला निरोप सर्व्हरला पोचला, पण पोच परत येताना रेंज गेली, असं होतं. देवडीवरच्या माणसाला वाटतं की निरोप गेलाच नाही, म्हणून तो तोच पुन्हा पाठवतो. मग 40 चे 80 होतात. उपाय असा की नोंद होतानाच फोनने तिला स्वतःचा वेगळा क्रमांक द्यायचा, पावतीबुकावर छापलेला असतो तसा. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सर्व्हर 'मिळालं आहे' म्हणतो आणि बेरजेत धरत नाही. हे ऐकून दिवाणजींनी मान हलवली. त्या दिवसातली ती त्यांची पहिली दाद.

फोनमध्येच राहिलेलं बरं, अशी दुसरी वस्तू म्हणजे गुपित. गेल्या वर्षी मामींना 'बँकेतून बोलतो' असा फोन आला आणि त्या ओटीपीचे आकडे एकेक करून सांगत होत्या. पाचव्या आकड्याला मामेभावाने फोन हिसकावला. परिषदेत पासवर्डऐवजी आलेल्या पासकीवरही बोलणं झालं. पासकी म्हणजे काय हे मामींना एका वाक्यात सांगता येतं: जे तुम्हाला स्वतःलाच माहीत नाही, ते तुम्ही कोणाला सांगू शकत नाही.

थोडं उलगडून सांगते. पासवर्ड हे दोघांना ठाऊक असलेलं गुपित आहे. तुम्हालाही माहीत, त्या साइटलाही काही ना काही रूपात माहीत. ते सांगता येतं, चोरता येतं, खोट्या पानावर टाइप करता येतं. ओटीपीचं आयुष्य कमी, पण तोही सांगता येतो. पासकीत फोन एक जोडी बनवतो. एक मोहर आणि तिच्या ठशाचा एक नमुना. मोहर फोनच्या बंद कप्प्यात राहते, नमुना साइटला दिला जातो. लॉगिन करताना साइट दरवेळी नवा, भलामोठा, कसाही आकडा पाठवते: यावर मोहर मारून दे. फोन तुमचं बोट मागतो. बोटाचा ठसा कुठेही जात नाही, त्याने फक्त फोनमधला कप्पा उघडतो. मोहर उमटते, साइट नमुन्याशी ताडून पाहते, दार उघडतं. आकडा दरवेळी वेगळा, त्यामुळे कालचा ठसा आज चालत नाही. बँकेत नमुना सही असते तसंच हे, एक मोठा फरक सोडून. नमुना सही बघून हुशार माणूस सही गिरवू शकतो. इथे नमुन्यावरून मोहर बनवायची तर जे गणित सोडवावं लागतं ते आजच्या संगणकांच्या आवाक्यात नाही. साइटची सगळी यादी चोरीला गेली तरी चोराच्या हाती नमुनेच लागतात.

याहून मला भावली ती दुसरी बाजू. प्रत्येक मोहर एका वेबपत्त्याशी बांधलेली असते. बँकेच्या नावात एक अक्षर इकडचं तिकडे करून कोणी हुबेहूब पान बनवलं तर आपले डोळे फसतात, घाईत तर हमखास. फोन डोळ्यांनी बघत नाही, पत्ता अक्षराला अक्षर ताडतो. जुळला नाही तर मोहर पुढेच करत नाही. जिथे माणसाने सावध राहायचं अशी अपेक्षा होती तिथे यंत्राला उभं केलं आहे. मामींसारख्यांना 'सावध राहा' असे मेसेज पाठवण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं वाटतं.

वेबवर हे चालावं म्हणून वेबऑथन नावाचं प्रमाण मार्च 2019 मध्ये पक्कं झालं, आणि मे 2022 मध्ये ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून पासकीला पाठिंबा वाढवत असल्याचं जाहीर केलं. अडचणी आहेतच. फोन हरवला तर काय, म्हणून मोहरा सहसा गूगल किंवा ॲपलच्या खात्यात कुलूपबंद होऊन नव्या फोनवर येतात. म्हणजे आता ते खातं जिवापाड जपायचं. आणि लॉगिनच्या पानावर कोपऱ्यात 'पासवर्ड वापरा' हा दुवा जोवर शाबूत आहे तोवर पुढच्या दाराला कितीही भारी कुलूप लावा, मागचं दार उघडंच.

मधे एक छोटी गोष्ट सांगून टाकते. घरून निघताना फोन वायफायवर असतो, फाटकाबाहेर आलो की मोबाइल डेटावर जातो, आणि तेवढ्यात चालू असलेला कॉल किंवा अर्धी भरलेली फाइल गचकते. जुन्या पद्धतीत, म्हणजे टीसीपीत, जोडणीची ओळख दोन्हीकडच्या पत्त्यांवरून होते. वायफाय सुटलं की तुमचा पत्ता बदलतो, सर्व्हरला तुम्ही परके होता आणि सगळं पहिल्यापासून. क्विक नावाची नवी पद्धत मे 2021 मध्ये प्रमाण झाली, तिच्यावर उभं असलेलं एचटीटीपी/3 जून 2022 मध्ये. तिने जोडणीला स्वतःचा क्रमांक दिला. ट्रान्सपोर्टवाल्यांना हे समजवावं लागत नाही: वाटेत ट्रक बदलला तरी बिल्टीचा नंबर तोच, माल तोच. तुमचा ब्राउझर हे बहुधा आजही वापरत असेल, तुम्हाला काही करायचं नाही.

आता मोठं सभागृह. एआयवर जे बोललं गेलं त्यातलं बरंच मी कानाआड केलं, कारण वक्ते विकायला आले होते. दोन गोष्टी मात्र घरी घेऊन आले.

पहिली गोष्ट मराठीची. भाषेचं मॉडेल, म्हणजे मजकूर वाचून उत्तर लिहिणारा एआय प्रोग्राम, आपल्यासारखी अक्षरं वाचत नाही. ते मजकुराचे तुकडे करतं, त्यांना टोकन म्हणतात. तुकडे कसे पाडायचे हे आधी पुष्कळ मजकूर दाखवून ठरवलेलं असतं, आणि तो मजकूर बहुतांश इंग्रजी असतो. त्यामुळे इंग्रजी शब्द बहुतेकदा अख्खा एका तुकड्यात बसतो आणि मराठी शब्दाचा भुगा होतो. मुळात आपली लिपी संगणकात जागाही जास्त घेते. 'नागपूर' हे नाव रोमन लिपीत सहा अक्षरांचं, सहा बाइटचं. देवनागरीत न, काना, ग, प, दीर्घ ऊकार, र अशा सहा खुणा, पण प्रत्येकीला तीन बाइट, म्हणजे अठरा. त्यात आपली भाषा नावाला स्वस्थ बसू देत नाही. नागपूरला, नागपूरहून, नागपूरच्या; आणि नागपुरात म्हटलं की दीर्घ ऊकार ऱ्हस्वही होतो. आपल्याला एकच गाव दिसतं, यंत्राला चार वेगळे ढीग.

याचा खिशाशी संबंध आहे, कारण या सेवांचं बिल तुकड्यांवर होतं. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने मे 2024 मध्ये जीपीटी-4ओ हे मॉडेल आणलं तेव्हा स्वतःच एक तुलना दिली होती. एकाच मजकुराचे इंग्रजीत आधी 27 तुकडे व्हायचे, ते 24 झाले. मराठीत 96 व्हायचे, ते 33 झाले. म्हणजे त्याआधी तेच बोलायला मराठी माणसाला साडेतीन पट तुकडे मोजावे लागत होते आणि आता साधारण सव्वा ते दीड पट. एवढा फरक पडला तो फक्त मजकुराचे तुकडे कसे पाडायचे हे नव्याने ठरवल्यामुळे. अडतीच्या भाषेत सांगायचं तर, वजनकाटाच बदलला.

बोलीचा प्रश्न यातून सुटत नाही. एका स्टॉलवर मराठी बोललेलं लिहून दाखवणारं यंत्र मांडलं होतं. मी मामांच्या पद्धतीने म्हटलं, "माल उतरून राहिला." पडद्यावर आलं: 'माल उतरून, राहिला.' मधे स्वल्पविराम! आपल्याकडे याचा अर्थ माल उतरतो आहे, काम चालू आहे. यंत्राला वाटलं, उतरवला आणि तिथेच पडून राहिला. अडतीवर या दोन वाक्यांत एका गाडीचा फरक आहे. स्टॉलवरचा मुलगा पुणेरी मराठीत म्हणाला, "मॅडम, शुद्ध बोलून बघा ना." मी पुढच्या स्टॉलवर गेले.

दुसरी गोष्ट: ही मॉडेलं आता फोनमध्येच चालवायचा प्रयत्न आहे, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, काम कुठे. हिशोब सोपा आहे. मॉडेल म्हणजे आतून आकड्यांचा मोठा ढीग; 300 कोटी आकड्यांचं एक छोटं मॉडेल घ्या. प्रत्येक आकडा दोन बाइटचा धरला तर 600 कोटी बाइट, म्हणजे सहा जीबी. एवढी मेमरी अनेक स्वस्त फोनांत मुळातच नसते. मग आकडे ढोबळ करतात. पैशापर्यंतचा हिशोब सोडून रुपयापर्यंत ठेवावा तसं. प्रत्येक आकडा अर्ध्या बाइटमध्ये बसवला की दीड जीबी होतो. हुशारी थोडी घटते, पण शेडाखाली रेंज नसताना चालतं आणि शेतकऱ्याचं नाव, भाव, मोबाइल नंबर फोनबाहेर जात नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर लोकांची माहिती सांभाळणं ही माझ्यासारख्या छोट्यांचीही जबाबदारी आहे. जी माहिती माझ्याकडे आलीच नाही ती माझ्याकडून फुटणार नाही, हा मला त्यातला सर्वांत स्वस्त बंदोबस्त वाटतो.

बाकीचं भराभर. वेबअसेंब्ली 2019 च्या डिसेंबरात प्रमाण झालं. त्यामुळे एकेकाळी फक्त कॉम्प्युटरवर चालणारे जड प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालतात, फोटोशॉपसुद्धा. माझ्या उपयोगाचं एवढंच की पट्टीचा फोटो पाठवण्याआधी फोनवरच लहान करता येतो. वेगाबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: बटण दाबल्यावर 200 मिलिसेकंदांच्या आत पडद्यावर काहीतरी हललं पाहिजे. मार्च 2024 पासून साइटची तब्येत तपासताना गूगल हे माप धरतं. घरी येऊन मी माझं ॲप दिवाणजींच्या फोनवर मोजलं. साडेसहाशे आलं. माझ्या फोनवर ते नव्वद होतं, म्हणून मला कधी कळलंच नाही. आभासी जग, चष्मे, ब्लॉकचेन यांवरही भाषणं होती. त्या वेळात मी बाहेर जाऊन चहा घेतला.

नवं ॲप या मोसमात अडतीवर चालू केलं. मामांनी पहिल्या दिवशी विमानाचं चिन्ह दाबून चार नोंदी केल्या, चिन्ह काढलं, चारही पोचल्या. मग फोन पालथा-उताणा करून बघत त्यांनी विचारलं, "अन् थैली भरून असतानाच फोन पाण्यात पडला तं?"

"तर त्या नोंदी गेल्या, मामाजी."

कारण थैली रिकामी होईपर्यंत त्या नोंदींची जगात एकच प्रत असते, त्या फोनमध्ये. ही किंमत फोनमध्ये काम आणलं की मोजावीच लागते. मी एवढंच केलं की न पाठवलेल्या नोंदी दहाच्या वर गेल्या की आकडा लाल होतो. लाल झाला की दिवाणजींनी शेडाबाहेर टपरीपर्यंत जाऊन यायचं, असं ठरलं आहे. तिथे दोन कांड्या रेंज मिळते. सकाळपासून त्यांचे चार चहा झालेत, आणि वही त्यांनी अजून बंद केलेली नाही.